दाराबाहेरचा थोरला

लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत प्रथम वाचला, तेव्हा मला त्या बापाचा रागच आला होता. मी घरातला थोरला. पक्षपात म्हणा हवे तर! धाकटा जिवंत बापाकडून वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन ती उधळतो, दुष्काळात डुकरे राखतो. पोट भरेना तेव्हा त्याला घर आठवते. बाप मात्र त्याला दुरूनच ओळखतो आणि धावत सुटतो. चाकरीची विनंती त्याच्या ओठांवर येण्याआधीच झगा, अंगठी, जोडे, मेजवानी. प्रायश्चित्त नाही, अट नाही. ख्रिस्ती श्रद्धेतला देव तो हा.

शेतातून परतलेला थोरला वाजंत्री ऐकतो आणि दाराबाहेरच अडतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी करडूही मिळाले नाही! खोटे काय त्यात? पण येशूने गोष्ट सांगितली ती, तो जकातदारांच्या, पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूशी-शास्त्र्यांना. आणि बाप या रुसलेल्यासाठीही बाहेर येतो, विनवतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

रेम्ब्रांटने अखेरच्या काळात रंगवलेले या पुनर्भेटीचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. धाकट्याच्या पाठीवर बापाचे दोन्ही हात. उजवीकडे एक उंच माणूस ताठ उभा. बहुतेक जण त्याला थोरला मानतात. त्याचे हात स्वतःच्याच काठीवर जुळलेले.

तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही.