नजर आकाशात, कान मैदानात
रिमोटवरची विमानं : लेखांक ६

गेल्या लेखांकात ट्रेनर विमानाचा गुरुत्वमध्य कसा तपासायचा ते पाहिलं. विमान तयार आहे, बॅटरी भरली आहे, आता मैदान गाठायचं. तिथे पोचल्यावर नव्या माणसाला सगळ्यात आधी एक गोष्ट खटकते. इथे लोक एकमेकांकडे न बघता बोलतात. चार-पाच जण शेजारीशेजारी उभे असतात, माना वर केलेल्या. मध्येच एक जण ओरडतो, “लँडिंग, डावीकडून!” बाकीचे मान न वळवता “ओके” म्हणतात आणि आपापलं विमान उजवीकडे उंचावर नेतात.

मैदानावरच्या बहुतेक सगळ्या रीतींचं मूळ या वर केलेल्या मानेत आहे. दीड मीटर पंखांचं विमान लांब गेलं की नुसता काळा ठिपका उरतो. नजर क्षणभर हटली आणि ठिपका पुन्हा सापडला, तरी तो येतोय की जातोय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून उडवणारा नजर काढतच नाही. पायाशी आलेलं पोर, धावपट्टीवर शिरलेला सोबती, शेजारून उतरणारं विमान यांतलं काहीच त्याला दिसत नाही. ते त्याला ऐकवावं लागतं. त्यामुळे इथला शिष्टाचार दिखाऊ नसतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

हे गांभीर्याने का घ्यायचं, याचा हिशेब करून पाहा. अडीच किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्यात सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत ती १२० ज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चौपट मारा, आणि समोर उभ्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेटही नाही.

म्हणून मैदानाचे आडवे पट्टे पाडलेले असतात. सगळ्यात मागे गाड्या आणि प्रेक्षक, त्यापुढे विमानं जुळवायची जागा म्हणजे पिट, मग उडवणाऱ्यांची रांग, आणि रांगेच्या पलीकडे धावपट्टी. उड्डाण फक्त पलीकडच्या बाजूला. रांगेवरून मागे विमान न्यायचं नाही, कितीही छान गिरकी जमत असली तरी. उड्डाणानंतरचं पहिलं वळणही रांगेपासून दूर. त्याला कारण आहे. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं भासतं. नवखा गोंधळतो आणि विमान नेमकं माणसांवर आणतो. दूर वळायची सवय असली, तर तोच गोंधळ मोकळ्या रानावर होतो आणि नुकसान फार तर थर्मोकोलचं होतं.

रांगेत जवळजवळ उभं राहण्याचाही असाच उपयोग आहे. ऊन चुकवायला लांब झाडाखाली जाऊन उडवणाऱ्याला इतरांच्या हाका ऐकू येत नाहीत आणि त्याची हाक इतरांना. हाका मोजक्याच आहेत : “टेकिंग ऑफ”, “लँडिंग”, विमान उचलायला जाताना “ऑन द रनवे” आणि परत आल्यावर “क्लिअर”. शेवटची हाक द्यायला लोक हमखास विसरतात, आणि मग कुणीतरी उगाच घिरट्या घालत बॅटरी संपवत राहतो. या सगळ्यांच्या वरची हाक म्हणजे “डेडस्टिक”, इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलेल्या विमानाला दुसरी संधी नसते, ते जिथे पोचेल तिथे उतरणार. त्यामुळे ही हाक आली की बाकी सगळे वाट सोडतात, धावपट्टीवरचा माणूस बाहेर पळतो. नाराजी नाही, चर्चा नाही.

जुन्या लोकांना याहून कडक शिस्त आठवते. अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५० चॅनेल होते, क्रमांक ११ ते ६०. एकाच चॅनेलवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की हवेतलं विमान कोसळलंच म्हणून समजा. त्यामुळे मैदानावर एक फळा असे, त्यावर प्रत्येक चॅनेलची एक चिमटी. आपल्या चॅनेलची चिमटी ज्याच्या हातात, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांत रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी बांधलेला, म्हणजे बाइंड केलेला असतो. चिमट्या इतिहासजमा झाल्या, पण फळ्यापाशी उभं राहून “कोण उडवतंय?” असं विचारण्याची सवयही त्यांच्याबरोबर पातळ झाली. विचारायला आजही काही खर्च येत नाही.

आता प्रॉपेलर. दहा इंची प्रॉपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने जातं. पेट्रोलचं किंवा ग्लो इंजिन आवाजाने तरी धाक घालतं. इलेक्ट्रिक मोटर बॅटरी जोडल्यावर मुकाट बसून असते, आणि शर्टाची बाही थ्रॉटलच्या दांडीला लागली की सुरू होते. म्हणून बॅटरी गाडीच्या डिकीत किंवा पिटमध्ये जोडायची नाही. उड्डाणाच्या जागी जायचं, विमान कुणीतरी मागून धरायचं, थ्रॉटल-कटचा, म्हणजे मोटर अडवून धरणारा खटका लावायचा, ट्रान्समीटर आधी चालू करायचा आणि मगच बॅटरी. उतरल्यावर उलटा क्रम. उभं राहायचं ते प्रॉपेलरच्या मागे, समोर किंवा बाजूला नाही. ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, ट्रान्समीटरचा लोंबता पट्टा आत खोचलेला असावा. २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या एका उद्यानात रिमोटच्या हेलिकॉप्टरचं पातं लागून ते उडवणाऱ्याचाच जीव गेला. तो नवशिका नव्हता.

उड्डाणाआधी फेलसेफही, म्हणजे संपर्क तुटल्यावर मोटर आपोआप थांबण्याची सोय, तपासून घ्यावा. प्रॉपेलर काढून मोटर हळू चालू करायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबली तर ठीक. थांबली नाही, तर संपर्क तुटल्यावर ते विमान भरधाव कुठेही जाईल.

मैदानाबाहेरच्या लोकांशीही आपलं देणंघेणं असतं. आपल्याकडे मैदान म्हणजे बहुतेकदा कुणाचं तरी माळरान, आणि शेजारी उभी ज्वारी. विमान पिकात पडलं तर पाच जणांनी घुसायचं नाही. एकाने बांधावरून जायचं, पिकाच्या दोन ओळींमधून शिरायचं, फुटकी बॅटरी आणि तुकडे वेचून आणायचे. ते गुरांच्या तोंडी जाऊ नयेत. शेळ्या आल्या तर विमान उतरवायचं आणि शेळ्या जाऊ द्यायच्या.

कायदाही डोक्यात असू द्या. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या हवाई क्षेत्रात, ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट आहे, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते. छंदाचं विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं. खरं विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं की लगेच खाली यायचं. तिथे हक्काचा प्रश्न नाही.

नव्या माणसाने पहिल्या दिवशी काय करावं? विमान गाडीतच राहू द्यावं. रांगेतल्या एखाद्या दादाला किंवा काकांना विचारून त्यांच्या मागे अर्धं पाऊल उभं राहावं आणि त्यांचा स्पॉटर व्हावं. “उजवीकडून एक येतंय”, “धावपट्टीवर माणूस आहे”, “क्लिअर” एवढंच सांगायचं. गप्पा आणि शंका विमान उतरल्यावर. दोन-तीन उड्डाणांत मैदानाची लय कानात बसते, आणि जो दुसऱ्यासाठी नीट बघतो त्याला शिकवायला मैदानावर कुणीही तयार होतं.

(पुढच्या लेखांकात : बडी बॉक्स, म्हणजे दोन ट्रान्समीटर आणि एक विमान. गुरूच्या हातातला खटका नेमकं काय करतो?)