उपाशी पट्टा

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 'ब्रॉडबॉक' नावाचे शेत आहे. जॉन लॉज व जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ साली तेथे गहू पेरविला. तेव्हापासून त्या शेताच्या सर्व वा काही भागांत दरवर्षी गहूच पिकत आला आहे. एका पट्ट्यास शेणखत, काहींस निरनिराळी रासायनिक खते आणि एका पट्ट्यास मात्र काहीच द्यावयाचे नाही, असा तेथील परिपाठ.

आमच्या मते हा उपाशी पट्टाच सर्वांत बोलका होय. त्याचे उत्पन्न हेक्टरी सुमारे १ टन. १९६८ साली आखूड ताटांचे नवे वाण आले, तेव्हा भरपूर खत मिळणाऱ्या पट्ट्यांचे उत्पन्न वाढले. हा पट्टा होता तेथेच राहिला! बियाण्याच्या अंगी सामर्थ्य होते, परंतु ओंबी भरण्यास लागणारा पुरेसा नायट्रोजन मातीत नव्हता.

त्याच वर्षी काही भागांत पिकांची फेरपालटही सुरू झाली. गव्हावर गहू घेतला की मुळे कुजविणारी एक बुरशी जमिनीत बळावते. मध्ये भिन्न जातीचे पीक आले म्हणजे तिचा आश्रय तुटतो. म्हणून खत तेवढेच घातले, तरी फेरपालटीचा गहू सरस उतरतो.