नळीतला पांढरा द्रव

2019 च्या पावसाळ्यात आमच्या काकांच्या तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तंबाखूची सवय जुनी. गालातल्या गाठीबरोबरच मानेच्या डाव्या बाजूच्या लसीका ग्रंथीही काढल्या, कारण हा रोग बहुधा आधी तिथे पसरतो. जखमेत द्रव साठू नये म्हणून मानेतून एक नळी बाहेर काढली होती. दोन दिवस तीतून लालसर पाणी येत होते. तिसऱ्या दिवशी नाकातल्या नळीवाटे दूध सुरू झाले आणि काही तासांतच मानेतला द्रव पांढरा झाला. काकूंना वाटले, पाजलेले दूधच मानेतून गळते आहे. आम्हाला वाटले, पू झाला.

डॉक्टर म्हणाले, ‘‘हा काईल आहे. क्वचित होते असे.’’ त्या ‘क्वचित’ने आम्ही अधिकच घाबरलो. आम्ही दोघेही विज्ञानाचे शिक्षक. मिळतील ती वैद्यकाची पुस्तके आणि लेख वाचायला घेतले, आणि उत्तर सापडले ते दरवर्षी शिकवतो त्या पचनाच्या पाठात!

लहान आतड्यातल्या रसांकुरांमध्ये ग्लुकोज व अमिनो आम्ले रक्तात जातात, स्निग्ध पदार्थ मात्र लसीका वाहिन्यांत जातात, हे आपण शिकवतो. पण तेथून पुढे कुठे? या वाहिन्या एकत्र येऊन छातीतून वर जाणारी एक मोठी वाहिनी बनते. ती मानेच्या तळाशी, डाव्या बाजूला, नीलेला मिळते. स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून तिच्यातला द्रव दुधासारखा दिसतो. हाच काईल. त्याचा प्रवाह दिवसाला साधारण दोन ते चार लिटर असतो. वाहिनीची भिंत अगदी पातळ असते आणि तिची जागाही माणसागणिक थोडी बदलते. त्यामुळे ग्रंथी काढताना कधी कधी तिला इजा होते. अशा शस्त्रक्रियांपैकी शंभरात एक ते तीन वेळा असे घडते.

म्हणजे काकूंची समजूत अगदीच चुकीची नव्हती. दूध नव्हे, पण दुधातले स्निग्ध पदार्थच पचून, शोषले जाऊन मानेतून गळत होते. त्यांच्याबरोबर पाणी, क्षार, प्रथिने आणि रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही जात होत्या. गळती फार झाली तर रोगी झपाट्याने खंगतो.

आता खरी अडचण आली. अशक्त माणसाला दूध-तूप द्यावे, ही आपली रीत. काकूही घरून तूप घेऊन आल्या होत्या. पण स्निग्ध आहार दिला की वाहिनीतला प्रवाह वाढतो आणि छिद्र बुजत नाही. म्हणून डॉक्टरांनी स्निग्ध पदार्थ बंद केले, मानेवर दाबपट्टी बांधली आणि आठ ते दहा कार्बन अणूंची साखळी असलेल्या मेदाम्लांचे खास तेल आहारात दिले. ही आखूड मेदाम्ले लसीका वाहिनीत न जाता बहुतांशी थेट यकृताकडे जाणाऱ्या नीलेत शिरतात. आम्ही विचारले, ‘‘मग खोबरेल तेल चालेल का?’’ चालणार नव्हते. त्यातले जवळजवळ निम्मे मेदाम्ल बारा कार्बनचे असते आणि त्याचा बराच भाग लसीकेतूनच जातो. गळती एवढ्याने थांबली नाही तर औषध देतात किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करून वाहिनी बांधतात.

काकूंना आम्ही वहीत चित्र काढून हे समजावले. तुपाची बरणी त्यांनी स्वतःच पिशवीत परत ठेवली. बाटलीतला द्रव रोज मोजून त्या तारखेसह लिहू लागल्या. आकडा उतरत गेला आणि नवव्या दिवशी नळी निघाली.

या वाहिन्यांचा शोधही असाच लागला. 1622 साली इटलीत गास्पारे आसेली यांना नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात पांढरे धागे दिसले. त्यांना ते आधी मज्जातंतू वाटले. पण एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. उपाशी कुत्र्यात ते धागे दिसेनात. पुढे 1651 मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके यांनी छातीतली मोठी वाहिनी दाखवून दिली.

पचनाचा पाठ शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: काकांच्या वाहिनीला इजा पहिल्याच दिवशी झाली होती, मग पहिले दोन दिवस द्रव पांढरा का नव्हता? आसेलींच्या उपाशी कुत्र्याची गोष्ट आधी सांगितलीत, तर उत्तर मुलेच देतील.