होकायंत्र घेऊन मॉरिशसला

मॉरिशसचा समुद्रकिनारा पाहून झाला, की मुलांना घेऊन ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात जावे. नकाशावर ठिकाणे नेमायची नि होकायंत्राच्या साह्याने ती रानात हुडकायची! या खेळाला ‘ओरिएंटिअरिंग’ म्हणतात. त्याची पहिली जाहीर शर्यत 1897 साली नॉर्वेत झाली.

परभणीकरांनी सराव जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकड्यांत करावा. मात्र एक गंमत ध्यानात असू द्या. परभणी विषुववृत्ताच्या उत्तरेस 19 अंशांवर, मॉरिशस दक्षिणेस 20 अंशांवर. आपल्याकडे बहुतेक महिने भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तिथे उत्तरेकडे! सावलीवर भिस्त ठेवणारा गृहस्थ नेमका उलट चालू लागायचा. ध्रुवतारा तर तिथे क्षितिजाखालीच.

बरे, होकायंत्रावर विसंबावे, तर परभणीत जवळजवळ खरी उत्तर दाखवणारी सुई तिथे पंधरा अंशांहून अधिक पश्चिमेकडे वळते. तेवढी चूक ठेवून किलोमीटरभर चाललात, की पाव किलोमीटर बाजूला गेलात! म्हणून नकाशावर छापलेला चुंबकीय फरक आधी पाहावा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्यांचे मराठी वंशज गावांत भेटतील. दरीत वाट विचारायला कोण असणार? पाणी भरपूर घ्यावे, आणि नकाशा मुलांच्या हाती द्यावा.