भरल्या घरातील उपासमार

आपल्या कोकणात घरातील मुलगी जेवली नाही, तर सहसा कोणी फारशी चौकशी करीत नाही. सोमवार असेल, संकष्टी असेल, मार्गशीर्षातला गुरुवार असेल. काही ना काही असेलच. उपासाला आपल्याकडे मान आहे आणि नेमक्या त्या मानाच्या आडोशाला एक आजार सुखेनैव राहू शकतो. वजन वाढेल या धास्तीने अन्न टाळणारी, किंवा खाल्लेले ओकून टाकणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ही पाश्चात्त्य सुखवस्तू समाजाचीच व्यथा होय, अशी आपली समजूत आहे. ती आता तपासून पाहिली पाहिजे.

त्यासाठी फिजी बेटांकडे पाहावे. समुद्र, मासळी, नारळ आणि भरल्या अंगाचे कौतुक करणारा समाज, म्हणजे मालवणच्या माणसाला परके वाटू नये असेच सारे. तेथील एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. ॲन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींची त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. आहारविषयक विकृतीची लक्षणे दाखविणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले होते. अवघ्या तीन वर्षांत! सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. आता तर पडदा प्रत्येक हातात आहे.

या आजारात शरीरात काय घडते, हे सांगताना मला आमच्याच विषयातील ‘घसारा’ हा शब्द आठवतो. यंत्र चालले की झिजते. शहाणा कारखानदार त्यासाठी निधी बाजूला ठेवतो. पेशी प्राणवायूच्या साह्याने ऊर्जा निर्माण करते तेव्हा काही उपद्रवी, अस्थिर रेणूही निपजतात. त्यांना आवरण्यासाठी शरीर ग्लुटाथिओनसारखी द्रव्ये तयार करते. त्यांचा कच्चा माल प्रथिनांतून येतो. सेलेनियम, जस्त, क जीवनसत्त्व यांचीही जोड लागते. उपद्रव वाढला आणि प्रतिकार अपुरा पडला, की जो ताण उत्पन्न होतो त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अन्न नाकारणाऱ्या मुलीच्या शरीरात यंत्र चालूच असते. आटतो तो निधी. अशा रुग्णांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष सर्वत्र सारखे आलेले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुकानातील ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांची डबी हा त्यावरचा उपाय नव्हे, एवढे निश्चित. तारली-बांगडा, उसळ, नाचणी, आवळा यांत जे आहे ते ताटात येऊन पोटात जावे लागते. दीर्घ उपासमारीनंतर मात्र ते एकाएकी कोंबणेही घातक ठरते. रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकते. म्हणून आरंभ वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावा.

आता शासनाच्या हिशेबाकडे वळू. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. किशोरवयीन मुलींची केंद्रीय योजना २०२२ पासून १४ ते १८ वयोगटासाठी आहे खरी. पण ती आकांक्षित जिल्हे व ईशान्येकडील राज्ये यांपुरती, आणि सिंधुदुर्ग त्या यादीत नाही. नववीनंतर मुलीच्या ताटाकडे पाहणारे सार्वजनिक क्षेत्रात कोणी उरत नाही, आणि हा आजार डोके वर काढतो तो बहुधा त्याच वयात. आपले कुपोषणविषयक धोरण दारिद्र्य गृहीत धरून रचलेले आहे. खाऊ न शकणाऱ्या मुलीसाठी, अपुरे का होईना, काही तरी आहे. घरात असून न खाणारीला मात्र रकाना नाही. (मुलगेही यातून सुटलेले नाहीत, पण त्यांचे कृशत्व ‘व्यायामा’च्या खात्यावर मांडले जाते.)

यासाठी नव्या योजनेची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावयाची असते. त्यात उंची-वजन नोंदले जाते. मागील वर्षाचा आकडा शेजारी मांडला की पुरे. वाढत्या वयातील मुलीचे वजन घटलेले दिसले, तर पालकांना त्याच आठवड्यात बोलवावे आणि तिला सिंधुदुर्गनगरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. पत्रात ‘अशक्तपणा’ एवढेच न लिहिता, ती दुपारचा डबा खाते का, हेही लिहावे.