लोखंडाला कोणतं तेल? तिळाचं, करडईचं की एरंडेल?

ठेवा आणि निगा : लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण गंज कसा धरतो आणि ओलावा व क्षार मिळून लोखंड कसं खातात, ते पाहिलं. आज पाहायचा आहे त्यावरचा सगळ्यात जुना उपाय, म्हणजे तेल. मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या कसमादे पट्ट्यात खंडेनवमीला ट्रंकेतून तलवार निघते, कट्यार निघते, एखाद्या घरी परवान्याची ठासणीची बंदूकही निघते. हत्यार पुसायचं, घरात असेल ते तेल चोळायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि दसरा झाला की फडक्यात गुंडाळून पुन्हा आत ठेवायचं, ही रीत. पुढच्या वर्षी फडकं सोडलं की नळीवर तपकिरी, चिकट पापुद्रा दिसतो. चाप ओढला तर जागचा हलत नाही. घरचे म्हणतात, गंज धरला. बऱ्याचदा तो गंज नसतोच. गेल्या वर्षी प्रेमाने लावलेलं तेलच वाळून तिथे बसलेलं असतं.

म्हणून तेल निवडताना पहिला प्रश्न एकच विचारायचा : हे तेल हवेत वाळतं का? तेल घाण्याचं आहे की डब्याचं, महाग आहे की स्वस्त, आजोबा कोणतं लावायचे, हे सगळं त्यानंतर.

वाळणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ द्रवाची घट्ट कातडी होते. कोणतं तेल किती वाळेल याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं, तो हा आकडा. आकडा जितका मोठा, तितकं तेल लवकर वाळणारं. जवसाचं मूल्य साधारण 170 ते 200, करडईचं 140 ते 150, तिळाचं 104 ते 120, शेंगदाण्याचं 86 ते 107, एरंडेलाचं 82 ते 90 आणि खोबरेलाचं जेमतेम 6 ते 11. ढोबळ मानाने 130 च्या वरची तेलं वाळणारी, 100 च्या खालची न वाळणारी आणि मधली अर्धवट.

ही यादी हातात ठेवून आता बंदुकीकडे पाहू. तोड्याची असो वा ठासणीची, जुन्या बंदुकीत तीन वेगळे पदार्थ असतात : नळी आणि चापाचं लोखंड, दस्त्याचं लाकूड, आणि पट्ट्या, खिळे, नक्षी यांचं पितळ. तिघांची गरज वेगळी आहे. एकच तेल सगळीकडे चोळलं की दोघांचं तरी नुकसान होतंच.

लाकडाला वाळणारं तेल हवं. जवसाचं तेल लाकडात मुरतं, आतच घट्ट होतं आणि ओल आत शिरण्याला आळा घालतं. चित्रकार तैलरंगात हेच तेल वापरतात, तेही याच गुणामुळे. दस्त्यावर अगदी पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच दुसरा हात. घाईने जाड थर दिला तर वरून कातडी धरते आणि आत ओलंच राहतं. जवसाचं तेल लागलेले बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत सुटे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नळीला आणि चापाला हेच तेल घातक. करडईचं तेल आपल्या भागातल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या आहे, म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. पण लोखंडासाठी ते जवसाचंच धाकटं भावंड. चापाच्या कमानीत, खिळ्यांच्या फटीत ते साचतं, घट्ट होतं आणि त्या कातडीखाली अडकलेला ओलावा गंजाचं काम निवांत चालू ठेवतो.

मग न वाळणारं खोबरेल? आयोडीन मूल्य पाहिलं तर त्याच्याइतकं बिनधोक दुसरं नाही. पण ते 24-25 अंशांच्या खाली गोठतं. मालेगावची थंडी त्याहून बरीच खाली जाते, तेव्हा चाप जाम होणार. आणखी एक गोष्ट देवघरात रोज दिसते. समईत तेल चार दिवस तसंच राहिलं की वातीभोवती हिरवट होतं. खवट तेलातली मेदाम्लं पितळेतल्या तांब्याला खातात, त्याची ती खूण. बंदुकीच्या पितळी पट्टीवर तेलाचा हात राहिला तर तिथेही हेच घडतं. पितळ म्हणून तेलाने माखायचं नाही. स्वच्छ पुसून कोरडं ठेवायचं, फार तर मेणाचा पुसट हात द्यायचा.

एरंडेलाची बाजू भक्कम आहे. त्यातला जवळजवळ 85 ते 90 टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. त्यामुळे ते धातूला घट्ट धरून राहतं आणि दाबाखालीही सरकत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलच घालत. अडचण त्याच्या जाडपणाची. नाजूक कमान त्यात मंदावते, त्यावर धूळ बसते, आणि जुनं झालं की तेही चिकट होतं. नळीच्या बाहेरून पातळ हात द्यायला चालेल. चापाच्या आत नको.

राहिलं तिळाचं. आकड्याने ते मधलं, अर्धवट वाळणारं. तरी आपल्या घरगुती तेलांत लोखंडासाठी माझी पसंती त्यालाच आहे. कारण तिळात सेसमॉलसारखे पदार्थ निसर्गतःच असतात, ते प्राणवायूला रोखून धरतात. त्यामुळे तिळाचं तेल इतर खाद्यतेलांपेक्षा उशिरा खवट होतं. शिवाय ते थंडीत गोठत नाही आणि एरंडेलाहून पातळ आहे. लोखंडासाठी मात्र घाण्याचं ताजं, गढूळ तेल घेऊ नका. त्यातला डिंकासारखा अंश आणि ओल खायला पौष्टिक असली तरी नळीला नको. गाळलेलं, शुद्ध केलेलं तेल घ्या.

तेलाची निवड केवढी मोठी गोष्ट ठरू शकते, हे 1857 ने दाखवलं. एनफिल्ड रायफलीचं काडतूस दाताने फाडायचं होतं आणि त्याला गाय-डुकराची चरबी लावल्याची बातमी डमडमच्या छावणीतून जानेवारीत पसरली. 27 जानेवारीला सरकारने मुभा दिली, की काडतुसं कोरडी मिळतील, शिपायांनी त्यांना आपल्या पसंतीचं वंगण लावावं. मेण आणि वनस्पती तेल हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता. पण तोवर शंका काडतुसाच्या चकचकीत कागदापर्यंत पोहोचली होती. तेल बदललं, गेलेला विश्वास परत आला नाही. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले.

पश्चिमेकडे याच प्रश्नाने वेगळं वळण घेतलं. तिथे घड्याळं, शिवणयंत्रं आणि बंदुका यांच्यासाठी स्पर्म देवमाशाचं तेल नावाजलेलं होतं, कारण ते चिकटत नसे आणि लवकर खवटही होत नसे. रसायनाच्या दृष्टीने ते तेल नव्हेच, द्रवरूप मेण होतं. देवमासे संपत आले तेव्हा 1970 च्या सुमारास अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि शोध सुरू झाला. उत्तर वाळवंटातल्या एका झुडपात सापडलं : होहोबा. त्याच्या बियांतून निघतं तेही द्रवरूप मेणच. आता राजस्थानात त्याची लागवड होते आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत ते तेल मिळतं. चापासारख्या नाजूक भागांसाठी निसर्गातून मिळणारा याहून चांगला पर्याय मला माहीत नाही. महाग असलं तरी चापाला दोन थेंब पुरतात.

तेलाआधी धुणं आलं, हे विसरून चालणार नाही. नारोशंकर राजेबहादूरांनी अठराव्या शतकात मोसमकाठी बांधलेला मालेगावचा किल्ला 1818 च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी वेढला होता. आतून अरब शिबंदी लढत होती आणि जूनमध्ये दारूकोठाराचा स्फोट झाला. त्या काळची सगळी लढाई काळ्या दारूवर चाले : सोरा, गंधक आणि कोळसा. ही दारू जळाली की नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात आणि ते हवेतली ओल ओढतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून कधीकाळी वापरलेली नळी आधी गरम पाण्याने धुवायची, गजाला फडकं बांधून आतून पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल. क्षारांवरच तेल चढवलं तर गंज तेलाखाली वाढतो.

त्याहीआधी एक खात्री करून घ्या, बंदूक भरलेली नाही ना. पिढ्यान् पिढ्या भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीतही दारू-गोळी तशीच असू शकते. एक बारीक लाकडी काठी तोंडातून हळूच आत सोडा, टेकली की तिच्यावर खूण करा आणि तीच काठी, खूण नळीच्या तोंडाशी धरून, नळीला बाहेरून लावून पाहा. काठीचं टोक दारू पेटवण्याच्या छिद्राजवळ, नळीच्या बुडाशी पोहोचलं तर नळी रिकामी. बोटभर जरी अलीकडे थांबलं तरी आत काहीतरी आहे असं समजा, पुढे हात लावू नका, तोंड माणसांपासून दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा. चालू शकणारी ठासणीची बंदूकही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येते, तेव्हा परवान्याचे कागद आधी पाहून घ्या.

आता लोखंडासाठी घरी करता येईल असा लेप. गाळलेलं तिळाचं तेल चार भाग, मधमाशीचं शुद्ध मेण एक भाग. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा, थेट आचेवर नको. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. त्यात तेल ढवळा आणि निवू द्या, मऊ मलम होईल. सुती फडक्यावर वाटाण्याएवढं घेऊन नळीवर चोळा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून टाका. पुसल्यावर जे दिसतही नाही, पण बोटाला किंचित गुळगुळीत लागतं, तेवढंच हवं. वैशाखात मालेगावचा पारा 43-44 वर जातो आणि उन्हातलं लोखंड त्याहून कितीतरी तापतं, त्यावर हा लेप टिकत नाही, म्हणून हत्यार सावलीतच ठेवा.

किल्ल्यांवरच्या तोफांना हा नियम लावू नका. उघड्यावरच्या लोखंडाला तेल फासलं की धूळ त्यात बसते, धूळ ओल धरते आणि थराखाली गंज वाढतो. दुर्गसंवर्धनासाठी राबणाऱ्या तरुणांची तळमळ खरी आहे, म्हणूनच त्यांना कळकळीने सांगतो : तोफेला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि जाणकाराचा सल्ला घ्या.

कोणतंही वनस्पती तेल वर्षभर राखण करणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. खनिज तेल अधिक टिकतं, पण ज्याला घरचंच तेल वापरायचं आहे त्याने निगा वाढवायची. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळा संपताना एकदा आणि खंडेनवमीला तिसऱ्यांदा जुना थर पुसून नवा पातळ हात द्या. पूजा झाल्यावर हळदकुंकू, पाणी आणि फुलांचा रस लोखंडावर राहू देऊ नका, त्याच संध्याकाळी पुसून घ्या. चामड्याच्या म्यानात किंवा प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. कोरड्या सुती कापडात ठेवा.

इतकं करूनही लोखंडावर आधीच बसलेला गंज राहतोच. त्यासाठी आपल्या सह्याद्रीत पिकणाऱ्या हिरड्यातलं टॅनिन कसं उपयोगी पडतं, ते पुढच्या लेखांकात.