गवत कापायचे मशीन ठेवताना

मैत्रिणींनो, दसरा झाला, आंबा-काजूच्या बागांची बेणणी उरकत आली. आता गटाचे ग्रास कटर मांगरात जाईल ते थेट पुढच्या पावसापर्यंत. गेल्या दिवाळीआधी आम्ही ते टाकीतल्या पेट्रोलसकट पोत्यात गुंडाळून ठेवले. यंदा श्रावणात दोरी ओढून ओढून हात भरून आले, पण मशीन चालू होईना. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरला होता. दुरुस्तीचे पैसे गेले ते गेले, पण ऐन हंगामात भाड्याचे दिवस बुडाले आणि कर्जाचा हप्ता बचतीतून भरावा लागला, ते जास्त बोचले.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला दमटपणा ओढून घेते. म्हणून मशीन थंड झाल्यावर, चुलीपासून लांब, खळ्यात टाकी रिकामी करा. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. पुन्हा थंड झाले की स्पार्क प्लग काढा, भोकात टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी दोनदा हळू ओढा आणि प्लग बसवा. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. पात्याला तेलाचा हात फिरवा. आपली खारी हवा लोखंडाला सोडत नाही. प्लास्टिकमध्ये मात्र गुंडाळू नका, आत पाणी सुटते.

काढलेले पेट्रोल स्कूटरमध्ये ओतू नका, त्यात ऑइल मिसळलेले असते. आमच्यातल्या एकीच्या घरी ओतले, तर वाडीभर धूर!